दोन घोंगड्या आणि तांब्याभर पाणी

एकदा एका विणकराच्या मुलीने आपल्याच घरच्या विद्येविषयी चुकीचे लिहिले, आणि चुकीचे लिहिले हे तिच्या ध्यानातही आले नाही. तिचे नाव मालन हिंगमिरे. घर सणगराचे. बाप मागावर घोंगडी विणायचा. आई लोकर कातायची, चिंचोके शिजवून त्यांची खळ करायची आणि ती सुताला चोळायची. मालनचे हातही सातव्या वर्षापासून त्या खळीत बुडालेले. घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेली ती पहिलीच, आणि संशोधनाला विषयही तिने घोंगडीचाच घेतला होता.

तिच्या संशोधनाचा आराखडा विद्यापीठाच्या समितीने एकदा परत पाठवला होता. वर तांबड्या शाईत एक ओळ : 'हे संकलन आहे, संशोधन नव्हे.' दुसऱ्यांदा परत आला तर जागा जाणार, असा नियम. हातात पंधरा दिवस होते. मालन हट्टाला पेटली. ग्रंथालयात जाऊन तिने आणखी वीस पुस्तके धुंडाळली, वाक्यावाक्याला तळटीप जोडली आणि ते बाड घेऊन ती एका वृद्ध अध्यापिकेच्या दारी गेली. बाईंना निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली होती, पण जिभेची धार तसूभरही कमी झालेली नव्हती.

बाईंनी चार पाने उलटली आणि एका वाक्यावर बोट ठेवले. "'पावसाचे पाणी अडावे म्हणून घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतात.' कशावरून?"

"तीन पुस्तकांत आहे, बाई. खाली टीप दिलीय."

"टीप मला दिसते. तिन्ही पुस्तके तू उघडलीस?"

मालनने मान खाली घातली. तिने एकच उघडले होते. बाकी दोन्हींची नावे त्यातूनच उतरवली होती.

"मग जा, आणि उघडून ये. इथे बसून माझे तोंड बघू नकोस."

दोन दिवसांनी मालन परत आली ती उतरल्या चेहऱ्याने. तिसऱ्या पुस्तकाने दुसऱ्याचा आधार दिला होता, दुसऱ्याने पहिल्याचा, आणि पहिल्यात नुसते लिहिले होते, 'असे म्हणतात.' त्यात आणखी एक अडचण होती. तिसऱ्या पुस्तकाचे लेखक समितीवरच बसत होते.

"म्हणजे साक्षीदार तीन नाहीत, एकच आहे, आणि त्यानेही काही पाहिलेले नाही," बाई म्हणाल्या. "तुझ्या घरी खळ कशाला लावतात गं?"

 इतकी वर्षे खळ चोळली, पण लिहिताना हा प्रश्न तिच्या मनात आलाच नव्हता. तिने तिथूनच आईला फोन लावला.

"आई, आपण खळ कशाला लावतो?"

"अगं बया, एवढी शिकलीस आन् हे मला इचारतीस? सूत मागावर तुटू नये म्हणून!"

"पावसासाठी नाही?"

"पावसात खळ ऱ्हाती व्हय? पयल्या धुण्यात जाती की वाहून. कुनी सांगितलं तुला हे?"

मालनचा चेहरा खुलला. तिने पेन काढले आणि ते वाक्य खोडू लागली. "बाई, चूक सापडली. आई म्हणते—"

"थांब," बाई कडाडल्या. "काल पुस्तक म्हणाले म्हणून लिहिलेस, आज आई म्हणते म्हणून खोडतेस. धनी बदलला, चाकरी तीच! रविवारी ये. येताना एक नवी घोंगडी आण आणि एक जुनी, पुष्कळदा धुतलेली."

रविवारी मालन घरून मागवलेल्या दोन्ही घोंगड्या घेऊन आली. नवी तर मागावरून नुकतीच उतरलेली. बाईंनी प्रत्येक घोंगडी दोन-दोन खुर्च्यांच्या मध्ये झोळीसारखी बांधली, खाली एकेक पातेले ठेवले, आणि नव्या घोंगडीत तांब्याभर पाणी ओतले.

"अहो बाई! गिऱ्हाइकाची आहे ती!"

"वाळेल," बाई म्हणाल्या आणि दुसरा तांब्या त्यांनी जुनीत ओतला.

दोघी घड्याळ लावून बसल्या. थेंब आधी नवीतून पडला. जुनीने कितीतरी वेळ पाणी धरून ठेवले. मालनने नवीखालच्या पातेल्यात बोट बुडवले. पाणी गढूळ होते, बुळबुळीत होते. ही बुळबुळ तिच्या बोटांना लहानपणापासून ठाऊक होती. खळ सुटून खाली आली होती.

"मग जुनीत पाणी कशाने अडले?" बाईंनी विचारले.

"लोकर दाटली असेल... वापरून, धुऊन..." मालन अडखळली. "माहीत नाही, बाई."

"शाबास. हे आजवरचे तुझे पहिले स्वतःचे वाक्य." बाईंचा आवाज खाली आला. "मालन, पुस्तके वैरी नसतात आणि आई म्हणजे वेद नव्हे. दोघेही आपापल्या जागेवरून बोलतात. कोण काय म्हणाले, त्याने ते पाहिले की नुसते ऐकले, मी स्वतः काय पाहिले आणि कुठवर पाहिले, हे लिहिणाऱ्याने वेगवेगळे मांडायचे असते. तू सगळ्यांची वाक्ये आणून रांगेत बसवलीस. त्या रांगेत तू कुठेच नाहीस."

"पण ती मोठी माणसे, बाई. मी कोण?"

"जिच्या बोटांना खळ कळते, तिने मोठ्यांपुढे बोटे लपवावीत? याला विनय म्हणत नाहीत, भित्रेपणा म्हणतात. आणि आता दोन घोंगड्यांवर जगाचा सिद्धांत मांडू नकोस. गावी जा."

मालन गावी गेली. पाच घरे फिरली, दहा घोंगड्यांत पाणी ओतले, बायकांच्या शिव्या खाल्ल्या. चार घरांनी आईसारखेच सांगितले. पाचव्या घरचा म्हातारा मात्र म्हणाला, "आमचं वाडवडील पावसासाठीच लावायचं." त्याला गाळून टाकण्याचा मोह तिला झाला. रात्रभर झाला म्हणा ना. पण सकाळी उठून तिने त्याचेही म्हणणे जसेच्या तसे लिहिले. वीस पानांचा आराखडा सात पानांचा झाला.

समितीपुढे ती गेली तेव्हा तिसऱ्या पुस्तकाचे ते लेखक समोरच बसले होते. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे माझे पुस्तक खोटे?"

मालनचा आवाज सरळ होता. "खोटे म्हणत नाही, सर. तुमचा आधार दुसरे पुस्तक, त्याचा पहिले, आणि पहिल्यात 'असे म्हणतात' इतकेच आहे. मी पाहिलेल्या घोंगड्यांत खळीने पाणी अडले नाही. एक विणकर तुमच्यासारखेच म्हणतो. तेही पाचव्या पानावर दिले आहे."

लेखकांनी पाचवे पान काढले. सावकाश वाचले. मग पहिल्या पानावर आले आणि पुन्हा वाचले. 

"दहा घोंगड्या म्हणजे फारच थोड्या झाल्या," ते म्हणाले.

"होय सर. म्हणूनच तर मला तीन वर्षे हवीत."

लेखकांनी तिच्याकडे क्षणभर पाहिले, पेन उघडले आणि सगळ्यांत आधी मंजुरीची सही केली.

ज्या वाक्याखाली आपले नाव जाणार आहे, त्याला 'कशावरून?' हे आपणच आधी विचारावे. दुसरा विचारील म्हणून वाट पाहू नये.