ठिगळांची कुंची

फार फार जुन्या काळी, म्हणजे तुमच्या पणजीची पणजी कुंची घालून रांगत होती त्या काळी, एका डोंगराच्या माथ्यावर एक गाव होतं. तिथं थंडी अशी पडायची की सांगता सोय नाही. आणि कापडाची मारामार! माथ्यावर कपाशी येत नसे. कापडवाला घाट चढून वर्षातून एकदा यायचा, तोही त्याच्या मनात आलं तर.

पण पोरं काय कापडवाल्यासाठी वाढायची थांबतात? यंदा पायघोळ असलेला परकर पुढच्या वर्षी गुडघ्यावर. बंडीच्या बाह्या कोपरापर्यंत. कापड होतं तेवढंच राहतं, पोरं मात्र वाढतात, याला कुणी काय करायचं?

त्या गावानं मात्र यावर छान तोड काढली होती. मार्गशीर्षात एक दिवस ठरायचा, त्याला म्हणायचे पालट. सगळं गाव खळ्यावर जमायचं. झाडाझाडांना दोऱ्या बांधायच्या. घरोघरच्या आयांनी पोरांना आखूड झालेले कपडे धुऊन, सांधून आणायचे, दोरीवर घालायचे, आणि आपल्या पोरांच्या मापाचे काढून न्यायचे. याची बंडी त्याला, तिचा परकर हिला. झालं! गाव थंडीला सामोरं जायला मोकळं.

हा पालट चालवायची गोजराबाई. बाई कशी, तर पहाटेपासून कंबर खोचून उभी. मोठ्या घरची, पण कामाला वाघीण. दोऱ्या तीच ताणून घ्यायची, तान्ह्यांचे कपडे खालच्या दोरीवर, थोरांचे वरच्या, असं तीच लावायची. रिठ्यानं धुतलेलं नसलं तर वासावरून ओळखायची आणि परत पाठवायची. सगळ्यांत मोठं गाठोडं तिच्याच घरचं असे. वाईट बाई नव्हती हो, अगदी मनापासून करायची. म्हणून तर गोष्ट सांगण्याजोगी आहे. वाईट माणसांच्या चुका काय, कुणालाही दिसतात.

गोजराबाईची चूक बारीक होती. दोरीवरचं कापड काढून कुणाच्या हातात देताना ती मोठ्यानं म्हणायची, "घे बाई, आमच्या मैनेचा परकर आहे हा. जपून वापर हं! चांगल्यातला आहे." बिचारीला वाटायचं, आपण कौतुक करतोय. पण खळ्यावरच्या पोरांना कान असतात. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत सुरू व्हायचं, "ए, कुणाचा परकर घातलायस? काढ, काढ!" आणि दुसरं असं की गोजराबाई स्वतः दोरीवरून कधी काही घ्यायची नाही. "आमचं काय, आम्हाला कशाला?" असं म्हणायची आणि हसायची.

त्याच गावात खालच्या आळीत धुरपा राहायची. नवरा गुरं राखायचा, ही दळणकांडण करायची, आणि पदरी चार पोरं. एका पालटाला धुरपा एक कुंची घेऊन आली. कुंची म्हणजे तान्ह्या बाळाचं डोकं, कान, पाठ, सगळं झाकणारी टोपी. चारही पोरं त्या एका कुंचीत वाढली होती. जिथं विरली तिथं धुरपानं ठिगळ लावलेलं, बारीक टाक्यांनी, रंगाला रंग जुळवून. रात्री निजायच्या आधी दिव्याशी बसून लावलेलं एकेक ठिगळ. ती कुंची दोरीवर घालताना धुरपाचा चेहरा फुलला होता.

गोजराबाईनं ती दोन बोटांत उचलली. "अगं धुरपे, हिच्यात काय राहिलंय आता? पोतेऱ्याला बरी आहे ही." आणि तिनं ती पोतेऱ्याच्या ढिगावर टाकली. वर मायेनं म्हणाली, "तू काही आणलं नाहीस तरी चालतं गं. तुला हवं ते ने. आम्ही आहोत ना!"

धुरपानं ढिगावरची कुंची उचलली, झटकली, घडी घातली आणि घरी गेली.

पुढच्या पालटाला ती आली नाही. तिच्या शेजारणीही आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी तर अख्खी खालची आळी घरात बसली. दोऱ्या कपड्यांनी वाकल्या होत्या आणि घेणारं कुणी नाही. गोजराबाईला कळेना. "माज आलाय लोकांना," ती म्हणाली, "बसा म्हणावं कुडकुडत." आणि खरंच, खालच्या आळीतली पोरं पोत्याच्या खोळी डोक्यावर घेऊन शेकोटीभोवती कुडकुडत बसली. सगळं गाव ते बघत होतं, पण कुणी काही बोलत नव्हतं.

पुढच्या वर्षी पालट तोंडावर आला असताना गोजराबाईची लेक मैना बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरत आले होते. तुम्हाला सांगायचं राहिलं, मैनेचं पहिलं बाळ जगलं नव्हतं. तापाची साथ आली होती, त्यात ते गेलं. तेव्हापासून मैना हसायची ती नुसती ओठांनी. गोजराबाई देवाजवळ एकच मागायची, यंदा माझ्या लेकीची कूस भरलेली राहू दे. बाकी काही नको.

आता त्या गावाची एक रीत होती. नव्या बाळाच्या डोक्याला पहिली कुंची नवी घालत नसत. ज्या घरात पोरं धडधाकट वाढली, त्या घरची वापरून मऊ झालेली कुंची मागून आणायची. बाळाच्या आजीनं स्वतः जाऊन मागायची, आणि त्या घरच्या आईनं राजीखुशीनं, आपल्या हातानं द्यायची. दोरीवरची चालत नसे. कुणाकडून मागवलेलीही चालत नसे.

"कुणाकडची आणू गं?" गोजराबाईनं विचारलं. "वरच्या आळीत सांगितलं तर दहाजणी धावत येतील."

मैना म्हणाली, "आई, त्या साथीत गावातलं एकेक घर रडलं. चारच्या चार पोरं तगली असं घर एकच आहे. मला धुरपावहिनीची कुंची हवी."

गोजराबाईच्या काळजात चर्र झालं. दोन बोटांत उचललेली ती कुंची तिला आठवली. "अगं, ती फाटकी... तिच्यापेक्षा—"

"आई," मैना म्हणाली, "माझ्यासाठी जा."

आता काय करता? लेकीपुढं कुणाचं चाललंय?

गोजराबाई निघाली. पण रिकाम्या हातानं जायची तिला सवय कुठं होती! चांगल्या चांगल्या कपड्यांचं भलंमोठं गाठोडं बांधलं, डोक्यावर घेतलं आणि खालच्या आळीत उतरली. धुरपाच्या दारात पोरं चुलीसाठी काटक्या मोडत बसली होती. चौघांच्याही डोक्यावर पोत्याच्या खोळी. धाकटीचे ओठ फुटले होते. गोजराबाईनं ते पाहिलं आणि नजर वळवली.

"या काकी, बसा," धुरपा म्हणाली. पाट टाकला, पाणी दिलं. दारी आलेल्याला पाणी द्यायचंच, राग असो नाहीतर लोभ.

गोजराबाईनं गाठोडं पुढं सरकवलं. "पोरांना आणलंय थोडंसं." मग थंडीचं बोलली, दळणाचं बोलली, गुरांचं बोलली. धुरपा ऐकत राहिली. गाठोड्याला तिनं हात लावला नाही.

शेवटी गोजराबाई म्हणाली, "मैना आलीय गं. दिवस भरलेत तिचे. ती म्हणते... तुझ्याकडची कुंची मिळाली तर बरं होईल."

धुरपा म्हणाली, "काकी, ती तर पोतेऱ्याची आहे ना?"

गोजराबाईला तोंडात मारल्यासारखं झालं. पाट सोडून पळावं असं वाटलं. पण लेकीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

"मैनेच्या बाळाशी माझं काय वैर?" धुरपा म्हणाली. "त्या साथीत तिचं बाळ गेलं तेव्हा मी घरात बसून रडले हो. पण काकी, ही कुंची मी गाठोड्याच्या बदल्यात देणार नाही. देऊन मोकळं व्हायला येऊ नका माझ्या दारी. गाठोडं बाहेर ठेवा आणि मागायला आलात तशा मागा."

गोजराबाई उठली. गाठोडं उंबऱ्याबाहेर ठेवून आली. हात रिकामे झाले, आणि त्या रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला सुचेना. जन्मभर दिलं होतं तिनं. मागायला हात पुढं करायचा म्हणजे काय, ते या वयात पहिल्यांदा कळत होतं. मान वर होईना. आळीतल्या बायका दारादारांतून बघत होत्या, तेही जाणवत होतं. मग तिनं पदर पसरला.

"धुरपे," ती म्हणाली, "माझ्या नातवंडासाठी दे गं."

आणि तेवढ्यात तिला खळ्यावरच्या बाया आठवल्या. अशाच उभ्या असायच्या, मान खाली घालून. आणि समोर आपण, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडत, की आमच्या मैनेचा परकर आहे, जपून वापर! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

धुरपानं कुंची आणली. नीट घडी केलेली, रिठ्यानं धुतलेली. तिच्या पदरात घातली आणि फक्त म्हणाली, "औक्षवंत होऊ दे." कुणाची, कशी, जपून वापर, असं एक अक्षर नाही.

"चुकलं गं माझं," गोजराबाई म्हणाली.

"कळलं मला," धुरपा म्हणाली. "गाठोडं घेऊन जा काकी. पालटाला दोरीवर घाला. माझ्या पोरांचं अंग झाकायचं ते तिथून झाकू दे, सगळ्यांसारखं."

गोजराबाई गाठोडं घेऊन चढ चढली. जाताना जड नव्हतं तेवढं येताना जड लागलं.

दोन दिवसांनी सकाळी मैनेला मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, रडली तर शेजारी ऐकू जावं अशी! ठिगळांच्या कुंचीत तिचं तोंड तेवढं दिसायचं. मैना तिच्याकडे बघून हसली, आणि यावेळी डोळ्यांनीही हसली. गोजराबाईचा जीव भांड्यात पडला.

मग पालटाचा दिवस आला. गावकरी खळ्यावर येतात तो काय, सगळंच निराळं! आदल्या दिवशीच गोजराबाईनं वरच्या आळीत निरोप धाडला होता: गाठोडी आज संध्याकाळीच खळ्यावरच्या खोपीत आणून ठेवा, मी ती एकत्र करून दोरीवर घालीन. त्यामुळं सकाळी कुठलं कापड कुणाचं, काही पत्ता लागेना. पोतेऱ्याचा ढीगही नव्हता. ठिगळाचं आणि बिनठिगळाचं, सगळं शेजारी शेजारी.

गोजराबाई नातीला खांद्यावर घेऊन उभी राहिली. कुंची बघून कुजबुज सुरू झाली. "अगं, ही तर ती... पोतेऱ्यातली!"

"तीच आहे," गोजराबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मोठ्यानं बोलायची सवय जाते कुठं! पण या वेळी ते कामाला आलं. "धुरपाच्या दारी जाऊन पदर पसरून आणलीय मी. पोतेरं म्हणाले होते हिला, जीभ कशी झडली नाही माझी. आजपासून इथं नुसतं द्यायला कुणी यायचं नाही. आणेल त्यानं आणावं, नसेल त्यानं आणू नये, पण जाताना प्रत्येकानं काहीतरी घेऊन जायचं. मी पहिली घेते."

आणि तिनं सगळ्या गावासमोर दोरीवरचं एक जुनं लुगडं काढलं, धुवट, विरलेलं. "नातीच्या गोधडीला घेते," म्हणाली आणि खांद्यावर टाकलं.

वरच्या आळीतल्या बायका आधी जराशा कानकोंड्या झाल्या. मग एकीनं हळूच एक चोळी काढली. दुसरीनं टोपडं घेतलं. घेताना त्या लाजत होत्या, आणि लाजता लाजता एकमेकींकडे बघून हसत होत्या.

खालची आळी खळ्याच्या कडेला येऊन थबकली होती. सगळ्यांत पुढं धुरपा आणि तिची चार पोरं. पुढं यावं की माघारी जावं, तिचं तिलाच ठरवता येईना. गोजराबाईनं "ये, घे" म्हटलं असतं तर ती कदाचित फिरली असती.

पण गोजराबाई आता शहाणी झाली होती. कपड्यांच्या वजनानं एक दोरी सैल पडली होती. तिनं तिचं टोक सोडलं आणि हाक मारली, "धुरपे, मला एकटीला ताणवत नाही गं. बाळ आहे खांद्यावर. तेवढं टोक धरतेस?"

धुरपा आली. तिनं दोरी धरली, ताणली, झाडाला घट्ट गाठ मारली. तोवर तिची धाकटी दोरीखालून आत शिरली होती आणि एक लाल बंडी अंगात घालून बाह्या हलवत उभी होती. कुणाची बंडी, कुणी विचारलं नाही. पोत्याची खोळ खळ्यावरच पडून राहिली.

त्या वर्षापासून पालट दोघी चालवू लागल्या. आणि ती कुंची? ती मैनेच्या घरून पुढं गेली, तिथून आणखी पुढं. ज्या घरी गेली तिथल्या आजीनं पदर पसरून ती आणली आणि जिथं विरली तिथं आपलं एक ठिगळ लावलं. आता तिच्यात धुरपाची ठिगळं कुठली आणि बाकीच्यांची कुठली, ते ओळखू येत नाही.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आयांनो, या गोष्टीचं सांगणं एवढंच: ज्याला मान लववून घेता येत नाही, त्याला दुसऱ्याचा मान राखून देता येत नाही.