नाकाची रेघ

"सगळं येतं मला, मास्तर. मग आईचा चेहरा तेवढा का येत नाही?"

दस्तगीर मास्तर उकिडवे बसून रंगात घालायचा सरस ढवळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"सगळं म्हंजे काय काय?"

इंद्रजितनं टॅब्लेट पुढं केला. किल्ले, जंगलं, आगीतून चालत येणारे राक्षस. व्हिडिओ गेम तयार व्हायच्या आधी त्यातली दुनिया कशी दिसेल, हे चित्र काढून ठरवायचं त्याचं पुण्यातलं काम. कॉन्सेप्ट आर्टिस्ट म्हणतात त्याला. दहा वर्षांपूर्वी मिरजेतल्या याच पत्र्याच्या शेडमध्ये तो मास्तरांकडं नाटकाचे पडदे रंगवायला शिकला होता. आता कंपनीत सहा जण त्याच्या हाताखाली होते आणि गडी नाकावर माशी बसू देत नव्हता.

मास्तरांनी एकेक चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"झकास," ते म्हणाले. "आन् आई?"

इंद्रजितनं शेवटचं चित्र उघडलं. डोईवरचा पदर होता, कान होते, कानातली फुलं होती. मधला चेहरा कोरा होता.

आई गेल्या चैत्रात गेली. घरात तिचा धड एक फोटो नव्हता; कुणी मोबाइल रोखला की ती तोंडाला पदर लावायची. वर्षश्राद्धाला तुझ्या हातची आई भिंतीवर लावू, असं वडील म्हणाले होते. वर्षश्राद्ध परवावर आलं होतं. अकरा महिने तो चेहरा काढत होता आणि पुसत होता.

"आता माझ्याच्यानं होत नाही," तो म्हणाला. "वडिलांना तोंड कसं दाखवू?"

मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून दोन दमांत उठले. सफेद्याचा पांढरा हात देऊन वाळवलेलं मांजरपाटाचं कापड जमिनीवर पसरलं होतं. राजदरबाराच्या पडद्यासाठी दोन दिवस खपून त्यांनी ते तयार केलं होतं. गेरूच्या पाण्यात ब्रश बुडवून त्यांनी तो इंद्रजितच्या हातात दिला.

"ह्यावर काढ."

"मास्तर, गेरू सफेद्यात मुरतो. निघायचा नाही."

"ठाऊक हाय मला. चाळीस वरसं तेच करतोय."

इंद्रजित कापडावर गुडघे टेकून बसला. कपाळ आलं. भुवया आल्या. नाकाची रेघ खाली आली आणि शेवटाला जरा डावीकडं सरकली...

त्याचा डावा हात हवेत उचलला गेला. दोन बोटं खाली दाबली गेली. पुन्हा दाबली. पुन्हा.

रेघ तिथंच होती.

"ह्यो हात काय करतोय?" मास्तरांनी विचारलं.

इंद्रजित ओशाळला. "सवय आहे. कॉम्प्युटरवर दोन बटणं दाबली की शेवटची रेघ जाते. परत दाबली की तिच्या आधीची."

"किती मागं जाता येतंय?"

"पाचशे रेघा."

"आई बसलीती का कधी तुझ्यापुढं?"

"बसली होती," इंद्रजित म्हणाला. "जायच्या आधीच्या दिवाळीत. मीच बसवली. करंज्या तळायच्या सोडून बसली बिचारी. चेहरा झाला, तो तिला दाखवला. हसली. म्हणाली, 'अगं बया, मीच की रं ही!'"

"मग?"

"नाक जरा वाकडं झालं होतं. मी म्हटलं, थांब, नीट करतो. ती म्हणाली, 'ऱ्हाऊ दे की तसंच.' पण मी..."

त्याची ती दोन बोटं आता कापडावर टेकली होती.

"सगळं पुसलं. म्हटलं, पुढच्या सुट्टीत सावकाश काढू."

आणि तो लहान पोरासारखा रडला. मास्तरांनी त्याला उगी केलं नाही. त्यांचेही डोळे भरून आले होते. पोरगा शिकत होता ती चार वर्षं त्या माउलीनं त्याच्या डब्यात रोज मास्तरांचीही भाकरी बांधून दिली होती.

मग त्यांनी गेरूची करवंटी उचलली आणि त्याच्या डाव्या हातात ठेवली.

"धर. सांडायची न्हाई."

दोन्ही हात गुंतले. इंद्रजित काढत राहिला. डोळे आले, ओठ आले. करवंटी जरा कलली आणि एक थेंब आईच्या गालावर पडला. तोही राहिला.

उन्हं कलली तेव्हा तो उठला आणि मागं सरकून उभा राहिला. कापडावरची आई हसत होती, आता पदर तोंडाशी नेईल अशी.

तरी त्याला राहवलं नाही.

"नाक चुकलंय, मास्तर."

मास्तर सरसाच्या भांड्याकडं निघाले होते. ते थांबले.

"कोण म्हणतंय? ती?"