सायाळीच्या उत्तरावरचे काटे

दोन डोंगरांच्या बेचक्यातल्या रानात एक खार राहत असे. अंगाने चपळ, डोक्याने हुशार. पण कुणी चूक दाखवली, की रागाने तिची शेपटी फुलून येई. मुलांनो, त्या रानाची एक रीत होती. कुणाला काही अडले, की त्याने करंजाखालच्या कातळापाशी येऊन विचारायचे. ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तर सांगायचे आणि खूण म्हणून कातळावर एक दगड ठेवायचा. उत्तर उपयोगी वाटले तर ऐकणाऱ्यांनी त्या दगडापाशी पान ठेवायचे, चुकीचे वाटले तर काटा. करंजावरची मैना सगळी उत्तरे पाठ करी आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. ज्याला पाने जास्त ते उत्तर आधी. ज्यावर काटे जास्त, ते ती उच्चारतही नसे.

एकदा खारीने कुणाला तरी सांगितले, की कुचल्याच्या बिया खायला हरकत नाही. तेव्हा सायाळ चारचौघांत म्हणाली, "नको गं खारूताई, विषारी असतात त्या." सायाळीचे खरेच होते, पण खारीच्या ते मनाला लागले. त्या दिवसापासून सायाळ बोलायला लागली, की तिचे बोलणे पुरे व्हायच्या आतच खार काटा टाकून मोकळी होई. तिचा काटा पाहून दुसरा कुणी टाकी, मग तिसरा. का टाकला, हे एकमेकांना कुणी विचारत नसे.

मग पौषात धुके उतरले, ते हटेचना. भर दुपारी शेजारचे झाड दिसेना. अशात एक हरिणी पाडसाला घेऊन कातळापाशी आली. "पलीकडच्या कुरणात चरून संध्याकाळपर्यंत परतायचंय. वाट कुठली धरू?" तिने विचारले.

कोल्हा ऐटीत म्हणाला, "लव्हाळ्यातून सरळ जा. जमीन घट्ट आहे."

"लव्हाळ्यात पाऊल टाकू नकोस, बाई," सायाळ म्हणाली. "यंदा तिथली जमीन..."

खारीचा काटा पडला. पाठोपाठ आणखी दहा पडले, आणि त्या गलक्यात सायाळीचे पुढचे शब्द विरून गेले. कोल्ह्याच्या सोबत्यांनी त्याच्या दगडापाशी पानांचा ढीग घातला. हरिणीने ढीग पाहिला आणि ती पाडसासह धुक्यात शिरली.

संध्याकाळी ती परतली नाही. दुसऱ्या दिवशी सशांचे एक कुटुंब त्याच वाटेने गेले. तेही आले नाही. ओरडा नाही, रक्ताचा थेंब नाही. पांढऱ्या धुक्यातून मैनेचा आवाज तेवढा येत राही, एकाच सुरात : "लव्हाळ्यातून सरळ जा. जमीन घट्ट आहे."

तिसऱ्या दिवशी खारीला राहवेना. फांद्याफांद्यांवरून ती लव्हाळ्याच्या काठावर गेली. खाली हरिणीच्या खुरांचे ठसे होते, शेजारी पाडसाचे इवलेसे. ते आत जात होते. परत येणारा एकही नव्हता. खारीने एक शेंग तोडून खाली टाकली. जमीन श्वास घेतल्यासारखी जराशी वर आली, आणि तिने आवाज न करता शेंग आत ओढून घेतली. मग खारीच्या डोळ्यांदेखत पाडसाचा शेवटचा ठसाही चिखलाने हळूहळू भरून आला. तिथे कधी कुणी गेलेच नव्हते, अशी ती जागा सपाट झाली.

खार धावत सुटली. कातळापाशी एक रानगाय वासराला घेऊन मैनेचे बोलणे ऐकत होती.

"थांबा! तिकडे जाऊ नका!" खार ओरडली. मग ती कोल्ह्याकडे वळली. "कोल्होबा, तुम्ही लव्हाळ्यात कधी गेला होतात?"

"मी? छे, कधीच नाही," कोल्हा चाचरत म्हणाला. "आपलं अंदाजानं बोललो होतो. पण एवढी पानं पडली, तेव्हा मलाही वाटलं, की खरंच असेल."

खार कातळावर चढली. "सायाळताईच्या उत्तरावर पहिला काटा माझा होता," ती म्हणाली. "मी ते उत्तर ऐकलंही नव्हतं." आणि ती एकेक काटा उपसू लागली. पंजे रक्ताळले तरी ती थांबली नाही.

सायाळीने तेव्हा दोन दिवसांपूर्वीचे वाक्य पुरे केले. "यंदा तिथली जमीन आतून पोकळ झालीय. डोंगराच्या कातळधारेनं जा. लांब पडेल, पण पोचाल." रानगाय त्या वाटेने गेली आणि संध्याकाळी वासरासह सुखरूप परतली.

"सायाळताई, मला माफ कर," खार म्हणाली.

"माझं काय गं," सायाळ हळूच म्हणाली. "माफी त्या हरिणीकडे माग."

आठ दिवसांनी धुके विरले आणि सगळीकडे लख्ख ऊन पडले. लव्हाळी हिरवीगार उभी होती, आणि वारा सुटला असूनही त्यांचे एकही पाते हलत नव्हते.

तात्पर्य एवढेच : पान द्यावे ते उत्तर पारखून, काटा टाकावा तो उत्तर पुरते ऐकून. सांगणाऱ्याचे तोंड पाहून दिलेला कौल तिसऱ्याच कुणाच्या तरी जिवावर बेततो.