वरच्या मजल्यावरचं फोल्डर

"समोर दिसतं, पण उघडत नाही. काय करावं, आक्का?"

दिगंबरने हे विचारलं तेव्हा भागीरथीआक्का मठाच्या ओसरीवर वाती वळत होत्या. हा शिष्य फार दिवसांनी आला होता. तालुक्यात कुणाचाही संगणक बिघडला की लोक त्यालाच बोलावत, आणि याचा त्याला अभिमान होता.

त्याने सगळं सांगितलं. वारलेल्या वडिलांच्या, आबांच्या, भजनांची रेकॉर्डिंग वरच्या मजल्यावर थोरल्या भावाच्या संगणकात होती. आबांच्या तेराव्याला दोघा भावांत शब्दाला शब्द लागला, त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून बोलणं बंद. आई खाली, दिगंबरकडे. तिचं जेवण सुटत चाललं होतं. एकदा ह्यांचा आवाज ऐकव, एवढंच ती म्हणे.

दोन्ही संगणक जोडलेले होते. भिंतीतून वायर त्यानेच ओढली होती. भजनांचं फोल्डर त्याच्या पडद्यावर दिसे, पण उघडायला गेलं की नाव आणि पासवर्ड मागे. त्याने चाळीसेक पासवर्ड घालून पाहिले. दोघांनी मिळून ठेवलेला जुनासुद्धा.

"नाव कुणाचं घालतोस?" आक्कांनी विचारलं.

"दादाचं. संगणक त्याचा आहे ना."

"तुझं?"

"माझं कसं चालेल? त्याने ते केव्हाच काढलं असणार."

"बघितलंस?"

...

दिगंबरने घरी फोन लावला. आपलं नाव आणि तो जुनाच पासवर्ड घालायला बायकोला सांगितलं. पलीकडे सुलभाने ते घातलं. मग फोनमधून टाळ ऐकू आले, आणि आबांचा जरा घोगरा आवाज. त्यामागून आणखी एक आवाज हळूच मिसळला.

आई म्हणत होती... आबांच्या मागोमाग.

दिगंबर फोन कानाशी धरून तसाच बसून राहिला. आक्कांच्या वातीही थांबल्या होत्या.

भजन संपल्यावर त्याने फोन ठेवला.

"स्वतःच्या नावाचा पासवर्ड बदलला त्याने," तो म्हणाला. "माझं नाव मात्र तसंच ठेवलं."

आक्कांनी पुढची वात वळायला घेतली.

त्याने डोळे पुसले. आता त्याला मोकळं वाटत होतं. आईला रोज भजन लावून देईन, म्हणाला. सगळं खालीच उतरवून घेतो, म्हणाला.

"बरं झालं, आक्का. आता दादाच्या दारात जायची गरज उरली नाही."

नमस्काराला तो वाकला.

आक्कांनी पाय मागे घेतले.

दिगंबरचे हात तसेच जमिनीवर राहिले. "काही चुकलं का?"

...

"आईजवळ तू आहेस. वर तुझा दादा ही भजनं कुणाजवळ बसून ऐकतो?"