गेनबाची हलगी आणि रांगेतली पहिली जागा

फार वर्षांपूर्वी, मतदानाची मशीन यायच्या कितीतरी आधी, जेव्हा कागदावर शिक्का मारून तो पत्र्याच्या पेटीत टाकायचे, तेव्हा आमच्या आवळोशी गावात गेनबा नावाचा दवंडीवाला होता. बसा नीट, सांगतो. दवंडीवाले शेजारच्या गावांतही होऊन गेले, नाही असं नाही. पण त्यांची नावं त्यांच्या नातवंडांना तरी आठवतात का, विचारा. गेनबाचं नाव आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

गेनबा अंगानं काटकुळा आणि आवाजानं खणखणीत. गळ्यात हलगी, हातात दोन काठ्या. रेशनचा गहू आला, टोचायला नर्सबाई आल्या, कुणाची म्हैस चुकली, सगळं तो गल्लीगल्लीतून सांगायचा आणि शेवटी हवा सांगायचा. "आज वाळवण घालू नका." नाहीतर, "दोन दिस उघाड हाय, भात झोडून घ्या." चाळीस वर्षांत त्याचं म्हणणं एकदाही चुकलं नाही, असं म्हणतात.

लोकांना वाटायचं, याला कुठलं तरी दैवत प्रसन्न आहे. गेनबा हसायचा आणि म्हणायचा, "मला काय कळतंय? हिला कळतंय." असं म्हणून हलगी दाखवायचा. आता हलगीचं कातडं आगीवर शेकलं की ताणतं आणि कडक वाजतं, हवेत ओल आली की ढिलं पडतं आणि आवाज बसतो. हे कुठल्याही हलगीवाल्याला माहीत असतं. पण शेकलेली हलगी किती वेळात बसली, यावरून पाऊस किती कोसांवर आलाय ते फक्त गेनबा सांगायचा, असं म्हणतात.

गावापासून तासभर चढण चढली की माथवाडी लागते. धनगरांची तीसेक घरं. गाव आणि वाडीच्या मधे वाघओढा. एरवी त्यात घोटा भिजत नाही, पण वर पठारावर पाऊस झाला की बघता बघता बैल वाहून नेईल एवढं पाणी येतं. त्या काळी ओढ्यावर काही नव्हतं. ही गोष्ट घडली त्या साली आषाढात वाडीतल्या विठू ढेबे याची बायको बाळंतपणात अडली. तिला झोळीत घालून ओढ्यापर्यंत आणलं, आणि पाणी उतरायची वाट बघत माणसं दोन दिवस काठावर बसून राहिली. पाणी उतरलं तेव्हा ती राहिली नव्हती. दिवाळीच्या तोंडावर पंचायतीची निवडणूक लागली आणि विठू उभा राहिला. त्याचं एकच मागणं होतं, ओढ्यावर माणसं जाण्यापुरता साकव व्हावा.

समोर दौलततात्या शेलार. तात्या तीन खेपा बिनविरोध निवडून आलेले. माणूस वाईट नव्हता, पण साकव त्यांनी तीनदा कबूल केला होता आणि तीनदा विसरले होते. माथवाडीची मतं बासष्ट. ती खाली उतरली तर विठू येणार आणि नाही उतरली तर तात्या येणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी तात्यांनी गेनबाला बोलावणं धाडलं. तात्या पारावर बसले होते. गेनबा रिवाजाप्रमाणे पाराच्या खाली उभा राहिला.

"गेनबा, उद्या तांबडं फुटायच्या आत वाडीवर जायचं," तात्या म्हणाले. "मोठा पाऊस येतोय, ओढ्याला पाणी येणार, घर सोडू नका, एवढीच दवंडी द्यायची."

गेनबानं वर बघितलं. आभाळ धुतल्या ताटासारखं होतं. "पर तात्या, पाऊस तर न्हाई."

"कातडं जुनं झालंय तुझ्या हलगीचं. नवं चढवून देतो. वर फेटा देतो."

ज्या गावात जेवणावळीला गेनबाचं पान सगळ्यांच्या शेवटी, अंगणाच्या कडेला पडायचं, त्या गावात तात्यांना नाही म्हणणं सोपं नव्हतं. तरी तो म्हणाला, "कातडं जुनं हाय तात्या, पर ते कधी खोटं वाजलं न्हाई. ह्ये काम माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." आणि रामराम करून चालू लागला.

दिवस मावळेपर्यंत ही बातमी माथवाडीवर गेली. तात्यांनी फेट्याच्या बोलीवर गेनबाला खोटी दवंडी द्यायला सांगितलंय, एवढीच गेली. त्यानं नाही म्हटलं, हे वाटेत कुठंतरी सांडलं. गावात बातमी अशीच चालते.

पहाटे उठून गेनबानं सवयीनं हलगी शेकली. उंबऱ्यापर्यंत येईतो ती बसली. त्यानं पुन्हा शेकली, ती पुन्हा बसली. तिसऱ्यांदा तर ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज आला. डोक्यावर टिपूर चांदण्या होत्या, वारा म्हणून नव्हता. पण गेनबाला कळून चुकलं, की दुपारच्या आत पठारावर आभाळ फुटणार.

आता पंचाईत बघा. गप्प बसावं, तर माथवाडीची माणसं गुरंढोरं आटपून नेहमीसारखी दुपारी उतरणार आणि भर ओढ्यात पाण्याला सापडणार. बोलावं, तर तात्यांनी सांगितलेलीच दवंडी त्याच्या तोंडून निघणार आणि चाळीस वर्षांचा शब्द मातीला मिळणार. इकडे आड, तिकडे विहीर. गेनबानं हलगी गळ्यात अडकवली आणि तो चढणीला लागला.

वाडीच्या मधोमध उभा राहून तो ओरडला, "ऐका हो ऐका. पाऊस येतोय. दुपारच्या आत ओढ्याला पाणी येणार."

माणसं घोंगड्या सावरत बाहेर आली. विठूनं आधी आभाळाकडे पाहिलं, मग गेनबाकडे.

"गेनबा, तूबी त्यातलाच निघालास?" तो म्हणाला. "मग फेटा कसा दिसंना डोईला?"

गेनबाच्या ते काळजाला लागलं. खोटा म्हणून त्याला आजवर कुणी बोललं नव्हतं. पण तो भांडत बसला नाही. म्हणाला, "घरी बसा म्हणत न्हाई मी विठू. आत्ताच्या आत्ता उतरा म्हणतोय. मत टाका आन् दुपार व्हायच्या आत माघारी या. माझ्यावर इस्वास नसंल तर हिचं ऐका." आणि त्यानं हलगीवर काठी मारली. फद्द, एवढाच आवाज झाला.

वर चांदण्या तशाच होत्या. मग ठकूबाई काठी टेकत पुढे आली. वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई, दात एकही नाही आणि बोलणं मात्र तोडून टाकणारं.

"ह्याच्या हलगीवर मी चाळीस वरसं नाचणी वाळत घातली," ती म्हणाली. "येकदाबी भिजली न्हाई. माझं लुगडं बदलून झालं की निघायचं. ज्याला ऱ्हायचं त्यानं ऱ्हावं."

राहायची कुणाची छाती होती? अख्खी वाडी निघाली. गेनबानं सगळ्यांना घोंगड्या आणि इरली घ्यायला सांगितली. छत्री हा शब्द मात्र तोंडातून काढला नाही, कारण छत्री ही तात्यांची निशाणी होती आणि मतदानाच्या दिवशी प्रचार चालत नाही. एवढा कायद्याचा माणूस.

मतदानासाठी शाळेचं दार उघडायच्या आत माथवाडीची बासष्ट माणसं दाराशी हजर होती. गेनबा तेवढा ओढ्यावर थांबला. "तुम्ही व्हा पुढं," तो म्हणाला, "मी पाण्यावर नजर ठेवतो. मला पाच वाजेस्तोवर सवड हाय."

दहाच्या सुमाराला पठार काळं पडलं. अकराला पावसानं असा जोर धरला, की शाळेच्या कौलांतून आत धारा लागल्या. शेवटच्याचं मत पडेपर्यंत थांबलेली वाडीची माणसं पळत ओढ्यावर आली, तेव्हा वरून पाण्याचा घुमारा ऐकू येत होता. गेनबा ओढ्यात शिरला, मधल्या खडकावर उभा राहिला आणि त्यानं हलगीवर काठ्या टाकल्या.

आता पुढचं कान देऊन ऐका. भिजलेली हलगी वाजत नाही. कुठलीच वाजत नाही. पण त्या दिवशी गेनबाची हलगी भर पावसात अशी कडाडली, की शाळेतल्या साहेबांच्या टेबलावरची शाईची बाटली हादरली, असं म्हणतात. जोवर हलगी वाजत होती, तोवर वाघओढा गेनबाच्या घोट्याच्या वर चढला नाही, असं म्हणतात. वरच्या वळणाला पाणी दावणीला बांधल्यासारखं थोपून उभं होतं, असंही म्हणतात. एकेक करत माणसं पलीकडे गेली. सगळ्यांच्या शेवटी विठू गेला, पाठीवर ठकूबाईला घेऊन.

काठाला पाय लागल्यावर ठकूबाई मागे वळून ओरडली, "गेनबा, आली रं सगळी. ये आता."

गेनबानं काठ्या कमरेला खोचल्या आणि काठावर उडी घेतली. त्याचे पाय जमिनीला लागतात न लागतात, तोच वाघओढा सुटला. तो खडक त्या पाण्यानं चार दिवस कुणाला दिसू दिला नाही.

विठू गेनबाच्या पायाशी वाकला. गेनबानं त्याला मधेच धरलं आणि म्हणाला, "डोईला फेटा न्हाई, बघून घे." मग दोघंही रडले.

पण एक राहिलं. गेनबा होता माथवाडीच्या काठाला, आणि मतपेटी पलीकडे. पाच वाजेपर्यंत तो पाण्याकडे बघत बसला. पाणी काही उतरलं नाही. बासष्ट मतं ओढ्यापार नेणाऱ्या माणसाचं स्वतःचं मत तेवढं राहून गेलं. त्या दिवशी वाडीवर जेवायला बसले तेव्हा ठकूबाईनं पहिलं ताट गेनबापुढे ठेवलं. पहिलं ताट त्याला जन्मात कुणी वाढलं नव्हतं.

विठू निवडून आला. पुढचा आषाढ लागायच्या आत ओढ्यावर साकव झाला, तो आजही उभा आहे. आणि पुढची निवडणूक आली, तेव्हा आमच्या गावात जे झालं ते तालुक्यात दुसरीकडे कुठं झालं नाही. पहिलं मत टाकायचा मान तात्यांच्या घरचा. सकाळी तात्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे होते. त्यांनी मागे पाहिलं, तर गेनबा रांगेच्या टोकाला, जरा अंतर ठेवून उभा होता. तात्या रांग सोडून त्याच्याकडे गेले आणि अख्ख्या गावादेखत त्यांनी त्याचा हात धरला.

"गेनबा, तुझं मागचं एक मत राहिलंय," ते म्हणाले. "चल पुढं."

त्यांनी गेनबाला रांगेत सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि आपण त्याच्या मागे उभे राहिले. त्यांच्या मागे गाव उभं राहिलं. पाडलेला माणूस असा वागला, म्हणून सांगतो, आवळोशीनं मान ताठ ठेवावी अशी ही गोष्ट आहे. हलगीला नवं कातडंही तात्यांनीच चढवून दिलं, आणि त्या खेपेला बदल्यात काही मागितलं नाही.

गेनबा जगला तोवर गावचं पहिलं मत त्याचं होतं. तो गेल्यावर ती जागा कुणी घेतली नाही. आजही मतदानाच्या सकाळी शाळेच्या दारात, रांगेच्या पुढे, एका माणसापुरती जागा मोकळी सोडतात आणि तिथे गेनबाची हलगी ठेवतात. माथवाडीतलं सगळ्यात म्हातारं माणूस तिच्यावर एकदा काठी मारतं आणि मग रांग पुढे सरकते. इथं मी असं म्हणतात असं म्हणणार नाही, कारण हे मी दर निवडणुकीला डोळ्यांनी पाहतो.

मागच्या खेपेला शहरातून नव्या मतदान अधिकारी बाई आल्या होत्या. वेळ झाली तरी रांग हलेना, म्हणून त्या दारात आल्या. मी रांगेत चौथा होतो. सगळ्यांच्या पुढे ठकूबाईची नातसून उभी होती, आता तीच वाडीत सगळ्यात म्हातारी.

"आजी, पुढे या ना," बाई म्हणाल्या. "मधे जागा कशाला सोडलीत?"

"पुढं माणूस हाय, बाई," आजी म्हणाली.

बाईंनी खाली ठेवलेली हलगी पाहिली. मग आमची ती लांबच लांब, गुमान उभी असलेली रांग पाहिली. काय समजायचं ते समजल्या आणि दारातून बाजूला झाल्या.

"बरं," त्या म्हणाल्या, "आधी त्यांचं होऊ द्या."