शंभरने गुणलेला पगार

“साठ हजार म्हणजे नक्की किती गं?”

“साठ लाख, बाई.”

“मी साठ हजार विचारलं.”

“युरो आहेत ते. वर्षाचे. एका युरोला शंभर रुपये धरायचे आणि शंभरने गुणायचं. झाले साठ लाख.”

“असं होय,” वेणूबाई म्हणाल्या आणि परातीतल्या पावट्याच्या शेंगा सोलत राहिल्या.

केतकी मगदूमने हा गुणाकार त्या आठवड्यात जो भेटेल त्याला करून दाखवला होता. पुण्यात तिला वर्षाला चौदा लाख मिळत. आता म्युनिकच्या एका कंपनीने साठ हजार युरो देऊ केले होते, आणि हो की नाही ते सोमवारी सकाळपर्यंत कळवायचं होतं. आज रविवार.

मिरजेच्या घरी त्या गुणाकारावरूनच जुंपली होती. मोठे काका पगाराला शंभरने गुणत आणि खूश होत. तिचे वडील, आप्पा, भाड्याला शंभरने गुणत आणि कपाळाला हात लावत. एका खोलीला महिन्याला दीड लाख, मग तिथे माणसं राहतात तरी कशी, असं ते दोन दिवस ज्याला त्याला विचारत होते. दोघांपैकी एकानेही जन्मात कधी कुणाला भाडं दिलेलं नव्हतं.

शेवटी आप्पांनी नेहमीचं केलं. निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात टाकला. “बाई म्हणतील तसं,” म्हणाले.

केतकी शाळेत असल्यापासून वेणूबाई शिरोळकरांकडे गाणं शिकत होती. बाईंचा शब्द आप्पा मोडत नसत. म्हणून ती आली होती. बाईंनी हो म्हणायचं आणि तिने ते घरी पोचवायचं, एवढंच काम. चहा गार व्हायच्या आत उरकेल असं तिला वाटलं होतं.

चहा कधीच गार झाला होता.

“तिथं दूध कितीला?” बाईंनी विचारलं.

“बाई, तुम्हीपण?”

“सांग की.”

“सव्वाशेच्या आसपास.”

“आणि केस कापायला?”

“अडीच-तीन हजार.”

“मग वाढव.”

केतकीने ओठ आवळून घेतले. वडीलधाऱ्यांना सरळ काही विचारावं, तर ते दुधाचा भाव काढतात. तिने फोन बाईंच्या समोर धरला.

“हे बघा. ही वेबसाइट आहे. दोन शहरांची नावं घातली की सगळं शेजारी शेजारी मांडून दाखवते. भाडं, वीज, भाजी, सिनेमाचं तिकीट. पुण्यात मी चौदा लाखांत जशी राहते, तशी म्युनिकमध्ये राहायला पन्नासेक लाख लागतील, असं म्हणते. मला साठ मिळतायत. म्हणजे फायदाच.”

“स्वयंपाकाच्या मावशी धरल्यात का त्यात?”

“तिथे मावशी नसतात. आपलं आपण करायचं.”

“तुला काय येतं?”

“खिचडी.”

“वर्षभर?”

“बाई...”

“बरं. गाणं धरलंय का?”

“जिमची फी धरलीय.”

“चला. दम तरी टिकेल.”

केतकीला हसू आलं, पण तिने ते दाबलं. हसलं की ही बाई आणखी तासभर खेळवते, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

“मला तुमच्याकडून एक शब्द हवाय,” ती म्हणाली. “हो. तेवढा म्हणा, मी जाते.”

वेणूबाईंनी परात बाजूला सारली. हात पदराला पुसले.

“पंचम लाव.”

“आत्ता?”

“आत्ता.”

कोनाड्यात तानपुऱ्याचं यंत्र होतं. विजेवर चालणारं. बाई त्याला ‘डबा’ म्हणत, आणि बोटं आखडल्यापासून त्यावरच शिकवत. त्यांनी बटण दाबलं. खोलीत केतकीचा सा घुमू लागला.

तिने डोळे मिटले आणि पंचम लावला.

तो तिचा सूर होता. सरळ, भरलेला, जराही न लवणारा. पुण्यात ऑफिसातून रात्री उशिरा आल्यावरही तो पहिल्या प्रयत्नात लागत असे. खालचा सा खाली आहे आणि आपण त्याच्यापासून किती उंचावर उभ्या आहोत, हे त्या एका सुरात तिला कळे.

बाईंनी डब्याची खुंटी पकडली आणि हळूहळू फिरवायला सुरुवात केली.

खालचा सा सरकू लागला. केतकीचा सूर होता तिथेच होता, पण आता तो टोचायला लागला. मग कडवट झाला. मग इतका विसंगत झाला की सोडून द्यावासा वाटला. तिने सोडला नाही. जिद्दीने धरून ठेवला.

बाई फिरवत राहिल्या.

... आणि एकाएकी सगळं शांत झालं. कडवटपणा गेला. उंचीही गेली. तिचा सूर डब्याच्या सुरात असा मिसळला की तिला स्वतःचा आवाजच वेगळा ऐकू येईना.

ती थांबली.

“तू हललीस?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग पंचम कुठे गेला?”

“... त्याचा सा झाला.”

डबा वाजत राहिला.

केतकीने डोळे उघडले, आणि तिच्या मनात जे आलं ते तिने तसंच बोलून टाकलं. शिष्याने बोलू नये असं होतं ते.

“कळलं, बाई. इथे साठ लाख म्हणजे उंच सूर. तिथे तो नुसता सा. तिथे सगळेच त्यावर उभे असतात. हेच ना? पण एवढं मला वेबसाइटनेही सांगितलंय. आप्पाही हेच म्हणतायत, फक्त बेसूर. त्यासाठी मला गायला लावायची काय गरज होती?”

वेणूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. मग खळखळून हसल्या. इतक्या की डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी डबा बंद केला.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “एवढं कुणीही सांगेल. त्यासाठी गुरू कशाला?”

“मग?”

“मग काही नाही. गळा बरा आहे का ते बघत होते.”

केतकीने रागवावं, तर बाई तिच्याच बाजूने बोलल्या होत्या.

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. चालू होत नव्हती.

“काम काय आहे गं तिथं?” बाईंनी विचारलं.

“कसलं?”

“साठ लाख कशाचे देणार तुला? बसून राहायचे?”

केतकी बोलायला गेली आणि अडखळली. आठवडाभरात हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. काकांनी नाही, आप्पांनी नाही. ऑफिसातल्या मैत्रिणींनी पहिल्यांदा विचारलं होतं ते, ‘पॅकेज किती?’ आणि तिनेही प्रत्येकाला आकडाच सांगितला होता.

“ट्राम असते ना, बाई...”

“कोलकात्यात असते ती.”

“हां. ती वळणावर आली की किंचाळते. चाक रुळावर घासतं, आणि एवढंसं घासणं, पण अख्ख्या गल्लीच्या कानठळ्या बसतात. तिथे शंभर वर्षं लोक ते ऐकतायत. खिडक्या लावून घेतात. ही कंपनी ते किंचाळणं घालवायचं काम करते.”

“म्हणजे तू जर्मनीत जाऊन लोखंडाला गप्प बसवणार?”

“गप्प नाही बसवता येत,” केतकी म्हणाली. ती नकळत पुढे सरकून बसली होती. “चाक फिरलं की आवाज होणारच. पण कुठल्या सुरात व्हायचा ते बदलता येतं. चाकाच्या आत एक कडं बसवतात, वेगळ्या धातूचं. ते कसं बसवलं, किती जाडीचं, त्यावर सूर ठरतो. आत्ता जे कडं आहे त्याने थंडीत काम भागतं, पण ऊन तापलं की चाक पुन्हा किंचाळतं. का, ते त्यांना कळत नाहीये. मी मुलाखतीत त्यांची रेकॉर्डिंग ऐकली. त्यांना एकच किंचाळी ऐकू येत होती. मला दोन आल्या. एक वरची, आणि एक तिच्याखाली, जवळजवळ षड्जासारखी. मी त्यांना सांगितलं, तुम्ही वरचीच्या मागे लागलाय, खरी खालची आहे. तर त्यांचा म्हातारा इंजिनियर खुर्चीवरून उठलाच. त्याने पुन्हा लावलं, पुन्हा लावलं...”

ती हातांनी चाक काढून दाखवत होती, कडं कुठे बसतं ते बोटाने दाखवत होती. मध्येच तिने तोंडाने ट्रामच्या दोन्ही किंचाळ्या काढून दाखवल्या, एकापाठोपाठ एक. बाईंनी दुसरीला मान डोलावली.

मग ती थांबली. आपण बरंच बोललो असं तिच्या लक्षात आलं.

बाईंनी परात पुन्हा पुढ्यात ओढली.

“तुझ्या त्या वेबसाइटने उलटं सांगितलं असतं तर?” त्यांनी विचारलं. “तिथं जाऊन तुझं नुकसान होतंय, पुण्यातच बरं, असं. मग?”

“मग...”

...

“मग गेलेच असते,” केतकी म्हणाली.

ते तिने स्वतःच ऐकलं.

“मग आठवडाभर गुणाकार कुणासाठी चाललाय?”

“आप्पांसाठी.”

बाईंनी एक शेंग सोलली. दाणे परातीत टाकले. दुसरी उचलली.

“... माझ्यासाठीही,” केतकी म्हणाली. “आकडा मोठा असला की कुणाला काही सांगावं लागत नाही.”



केतकीने फोन उचलला. वेबसाइट बंद केली आणि कंपनीचं पत्र उघडलं. ते तिने आधी पुष्कळदा वाचलं होतं, पण दर वेळी आकड्याशी पोचताच तिचं डोकं शंभरने गुणायला धावत असे. या वेळी तिने गुणलं नाही. साठ हजार. कर गेला की महिन्याला हातात तीन हजारांच्या आसपास. त्यातले दीड हजार घरभाड्याला. उरलेल्यात जेवायचं, फिरायचं, थंडीचे कपडे घ्यायचे आणि वर्षातून एकदा मिरजेला यायचं. बसत होतं. अंगाला जरा घट्ट, पण बसत होतं.

“मी त्यांना पासष्ट मागते,” ती म्हणाली.

“लाख?”

“हजार, बाई.”

बाईंचे हात क्षणभर थांबले.

“आणि नाही म्हणाले तर?”

“तरी जाणार.”

“मग मागायचे कशाला?”

“मिळाले तर हवेत म्हणून. खालची किंचाळी त्यांच्यातल्या कुणाला ऐकू आली नव्हती.”

“माग,” बाई म्हणाल्या. “अजिबात लाजू नकोस. मी बिदागी ठरवताना कधी लाजले नाही.”

केतकीने तिथेच बसून पत्र लिहिलं. चार ओळींचं. एकदा वाचलं, ‘कृपया’ एका ठिकाणचं काढलं, आणि पाठवून दिलं. फोन पर्समध्ये टाकून ती उठली आणि पाया पडली.

“म्हणजे तुमचं हो आहे, असं सांगू ना घरी?”

“माझं नाव घ्यायचं नाही.”

“बाई, तेवढ्यासाठीच तर आले होते.”

“माझ्या ‘हो’वर गेलीस, तर पहिल्या थंडीत मला शिव्या देशील. तुझ्या तू दे स्वतःला.”

“पण आप्पांना काय सांगू?”

“मला सांगितलंस ते सांग. चाकापासून. दोन्ही किंचाळ्या काढून दाखव त्यांना.”

केतकीच्या डोळ्यांसमोर आप्पा आले. सोफ्यावर बसलेले, हातात वर्तमानपत्र, आणि समोर उभं राहून मुलगी ट्रामसारखी किंचाळतेय. तिला हसू फुटलं, आणि या वेळी तिने ते दाबलं नाही. ऐकतील. नाही ऐकलं, तर पुन्हा काढून दाखवू. काका घरी असले तर त्यांनाही बसवू.

ती दारात जाऊन चप्पल घालू लागली. एक पट्टा लावला आणि तशीच वळली.

“सगळं ऐकून घेतील, बाई, मला माहितेय. आणि शेवटी पुन्हा भाड्यावरच येतील. दीड लाख, दीड लाख. त्याला काय म्हणू?”

वेणूबाईंनी मान वर केली नाही. शेंगेतला एक किडका दाणा त्यांनी नखाने बाजूला काढला.

“ट्राम किंचाळते ना, त्या वळणावरच खोली बघ,” त्या म्हणाल्या. “तिथं भाडं कमी असेल.”