टिटवीचा धडा

त्या राज्याला स्वतःची जमीन नव्हती. ते एका अवाढव्य गाड्यावर वसलेलं होतं, आणि शंभर रेडे तो गाडा एका कुरणातून दुसऱ्या कुरणात ओढत नेत. गाड्याला कातड्याची, आत वारा भरलेली चार चाकं होती. पुढच्या दोन चाकांवर दरबार होता, मागच्या उजव्यावर कोठार आणि मागच्या डाव्यावर खारींची वस्ती.

दरबाराच्या कळसावर एक टिटवी राहत असे. चारही चाकांचा वारा तिला पाठ होता. एकाचाही बदलला की ती ओरडू लागे आणि तो पूर्ववत होईपर्यंत थांबत नसे. तेवढ्यासाठीच तिला तिथे बसवलं होतं.

एका सकाळी ती ओरडू लागली. चाकांची देखभाल गोंदाजी नावाच्या अस्वलाकडे होती. तो भाता खांद्यावर टाकून खाली उतरला. मागच्या डाव्या चाकात बाभळीचा काटा रुतला होता. त्याने वारा भरला. टिटवी गप्प झाली आणि दुपारी पुन्हा ओरडू लागली. त्याने पुन्हा भरला. असे सात दिवस गेले. गोंदाजीचे खांदे भरून आले, दरबाराची झोप उडाली, आणि काटा होता तिथेच राहिला.

आठव्या दिवशी तो कारभाऱ्याकडे गेला. कारभारी मुंगूस होता.

"अर्धा दिवस गाडा थांबवा," गोंदाजी म्हणाला. "काटा काढतो, ठिगळ लावतो."

"माझ्या कारकिर्दीत गाडा एकदाही थांबलेला नाही."

"मग हा पक्षी ओरडतच राहणार."

"त्याचाच उपाय शोधतोय," कारभारी म्हणाला आणि समोरची जुनी पोथी त्याने गोंदाजीकडे सरकवली. पोथीत टिटवीला नवा धडा देण्याची रीत लिहिली होती. तिच्या डोळ्यांवर फडकं बांधायचं, गाडा कोसभर एका चालीने चालवायचा, मग फडकं सोडायचं. त्या कोसात चाकांचा जो वारा असेल, तोच तिच्या मनात बरोबर म्हणून बसे.

गोंदाजीने ते दोनदा वाचलं. "कारभारी, हा धडा चाक दुरुस्त झाल्यावर द्यायचा असतो."

"दुरुस्त झाल्यावर, असं कुठे लिहिलंय?"

"लिहावं लागेल असं लिहिणाऱ्याला वाटलं नसेल."

कारभाऱ्याने पोथी मिटली. त्याच दुपारी फडकं बांधलं गेलं. कोसभराने ते सोडलं, तेव्हा मागचं डावं चाक निम्मं बसून तिथेच टिकलं होतं, आणि टिटवी शांतपणे पंख साफ करत होती. दरबारात त्या दिवशी सगळ्यांना गाढ झोप लागली.

खारींच्या वस्तीत जमीन कलली होती. तिथे राहणारी पारू पिल्लांना भिंतीला टेकवून निजवू लागली. एक दिवस तिचं धाकटं पिल्लू घरंगळत कडेपर्यंत गेलं आणि खाली पडलं. जीव वाचला, पाय मोडला. पारू गोंदाजीकडे आली. ती रडली नाही, भांडलीही नाही.

"चाक तुमच्याकडे आहे ना?" एवढंच तिने विचारलं.



पुढच्या आठवड्यात वाटेत नदी आडवी आली. रेडे पाण्यात शिरले आणि डुंबत बसले. पाण्यात बसलेल्या रेड्यांवर कोणाचाही हुकूम चालत नाही. गाडा आपोआप थांबला. गोंदाजीने कोणाला विचारलं नाही. कण्याखाली दगड रचून चाक उचललं, काटा उपसला, ठिगळ शिवलं आणि छाती फुटेस्तोवर भाता मारला. चाक गोल झालं. वस्तीची जमीन सपाट झाली. पारू दारात येऊन उभी राहिली आणि बराच वेळ आपल्या पायांकडे पाहत राहिली.

तेवढ्यात वर टिटवी ओरडू लागली.

गोंदाजी घाम पुसत कळसापाशी चढला. "टिटवीबाई, चाक आत्ता कुठे पूर्ण झालंय."

"तू भला आहेस, गोंदाजी," ती म्हणाली. "पण चाक चुकलंय. मी मन लावून पाठ केलंय."

"मग तुला नवा धडा देऊ दे."

"धडा कारभाऱ्यांच्या हुकमाशिवाय देता येत नाही."

हुकूम मागायला जावं लागलं नाही. कारभारी स्वतःच खाली आला, सोबत चार शिपाई घेऊन. त्याने चाकाकडे पाहिलं नाही. त्याने फक्त वर, आवाजाच्या दिशेने पाहिलं.

"महिनाभर राज्यात शांतता होती," तो गोंदाजीला म्हणाला. "तू हात लावलास आणि ही ओरडायला लागली."

गोंदाजी पुष्कळ बोलला. काटा दाखवला, ठिगळ दाखवलं. शिपाई वरच्या आवाजाने हैराण होऊन कानांवर हात ठेवून उभे होते.

शेवटी गोंदाजी चाकाशी उकिडवा बसला आणि त्याने बूच उपटलं. वारा फुसफुसत बाहेर पडू लागला. कारभारी मान वर करून ऐकत होता. कळसावरची हाक आधी तुटक झाली, मग बारीक, आणि चाक निम्मं बसलं तशी थांबली.

"आता बरोबर," कारभारी म्हणाला, आणि रेडे उठवायला शिपाई धावले.